बेचाळिसाव्या पानावरचा पासपोर्ट

तीर्थरूप ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा, कंबर परवानगी देते तेवढं वाकून नमस्कार. मी इकडे बरा आहे. तुझा खुबा काय म्हणतो? वॉकर धरून खिडकीपर्यंत जातेस असं फोनवर कळलं, जीव भांड्यात पडला. डॉक्टर सांगतील तेवढीच पावलं टाक. तू त्यांनाच चार गोष्टी शिकवत असशील याची मला खात्री आहे, पण हाडांमधलं त्यांना आपल्यापेक्षा थोडं जास्त कळतं, असं निदान दाखव तरी.

पत्राला कारण असं, की तुझ्या ऑपरेशनला मी का पोचलो नाही हे माझ्या तोंडून तुला अजून कळलेलं नाही. तुझी भावजय तीन आठवडे तुझ्यापाशी आहे, तेव्हा तिच्या तोंडून कळलंच असेल. पण तिच्याकडे ही हकीकत दोन वाक्यांत संपते. ("यांनी पासपोर्ट शिवून टाकला. मग मी एकटीच आले.") दोन्ही वाक्यं खरी आहेत, नाही म्हणत नाही. पण एवढा मूर्खपणा करायला माणसाला किती विचार करावा लागतो, ते त्या दोन वाक्यांत कुठेच येत नाही.

तू जिन्यावरून पडलीस आणि शुक्रवारी ऑपरेशन ठरलं, हा भाच्याचा फोन सोमवारी सकाळी आला. गुरुवारच्या बसने निघायचं हे आम्ही फोन ठेवायच्या आधीच ठरवलं. तुझ्याकडे येऊ येऊ म्हणत दोन वर्षांपूर्वी काढलेले दोघांचे पासपोर्ट कपाटात कोरे पडून होतेच. ही म्हणाली, "झालं तर मग. पासपोर्ट घ्यायचे आणि निघायचं." इथेच मी ऐकायला हवं होतं. पण तिकिटाच्या मागे बारीक अक्षरात एक ओळ छापली होती: 'सीमेवर ओळखीचा योग्य पुरावा जवळ बाळगावा.' आता तूच सांग, त्यांना पासपोर्ट म्हणायचं होतं तर त्यांनी 'पासपोर्ट' असं नसतं का छापलं? 'योग्य' म्हणजे काय? चाळीस वर्षं मी कचेऱ्यांची दप्तरं बांधली. त्यावरून एवढं शिकलो आहे, की खिडकीपलीकडचा माणूस नेमका तोच कागद मागतो जो आपण घरी ठेवून आलेलो असतो.

म्हणून चार जाणत्यांना विचारलं. समोरच्या दारातले निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले, पासपोर्टवरून तुम्ही कोण ते कळतं, पण तुम्ही अजून त्याच पत्त्यावर राहता कशावरून? मग विजेचं बिल घेतलं. न्हाव्याने सांगितलं, मागच्या वर्षी त्याच्या एका गिऱ्हाइकाला केवळ मिशी काढली म्हणून दोन तास बसवून ठेवलं होतं. मग मिशीचा एक आणि बिनमिशीचा एक असे दोन फोटो घेतले. (बिनमिशीचा माझा एकच फोटो निघाला, नववीतला. तोही घेतला.) तळमजल्यावरच्या वकीलबाई म्हणाल्या, तिथे बहीण आहे म्हणता, पण ती तुमचीच बहीण याचा पुरावा काय? हे मला एकदम पटलं. मग शाळा सोडल्याचा दाखला काढला. त्यात माझ्या नावात एक वेलांटी जास्त आहे, म्हणून तो मुलगा आणि मी एकच, असं प्रतिज्ञापत्र केलं. प्रतिज्ञापत्रावर पत्ता जुना पडला, म्हणून जुन्या घरमालकाची चिठ्ठी आणली. घरमालक वारले आहेत, चिठ्ठी त्यांच्या मुलाने दिली, तेव्हा तो त्यांचाच मुलगा असल्याचा कागदही त्याच्याकडून घेतला. मंगळवारी दुपारपर्यंत पासपोर्ट धरून सतरा कागद झाले. ही म्हणाली, "अहो, आपण भेटायला चाललोय की तिकडे जमीन विकत घ्यायला?"

आता सतरा सुटे कागद पिशवीत घेऊन जायचे, आणि ऐन खिडकीपाशी एखादा पायाखाली जायचा. बाइंडरच्या हातून असं होणं बरं दिसलं नसतं. मी दुकानात गेलो आणि सगळ्यांची मिळून एक बांधणी केली. ताई, काम काय झालं म्हणून सांगू! मेण लावलेला दोहेरी दोरा, कापडी कणा, जाड पुठ्ठा, वर गडद निळं कापड, त्यावर सोनेरी अक्षरांत एकच शब्द, 'ओळख'. सुरुवातीला अनुक्रमणिका. मधे रिकामी पानं टाकली, पुढेमागे आणखी कागद वाढले तर असावीत म्हणून. पासपोर्ट मी मुद्दाम मधोमध घेतला, दोन्ही बाजूंच्या कागदांनी त्याला सांभाळावं या हिशेबाने. पान बेचाळीस. दाभणाने आठ भोकं पाडली, अगदी कडेला, छापील अक्षराला कुठेही धक्का नाही. हिचाही पासपोर्ट मागितला तर तिने तो रुमालात गुंडाळला, पर्समध्ये टाकला आणि पर्स काखेत धरली. म्हणाली, "माझ्या पासपोर्टाला सुई लावून तर बघा." मला वाईट वाटलं. चांगल्या कामाची घरात कदर नसते.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास बस सीमेवर पोचली. लांबट खोली, जमिनीत घट्ट रोवलेल्या खुर्च्या, दोन खिडक्या आणि पलीकडे लाल-पांढरं फाटक. उतारूंनी या दाराने आत जायचं, कागद दाखवायचे आणि पलीकडच्या दाराने बाहेर पडून परत बसमध्ये बसायचं. ही माझ्या पुढे होती. तिने रुमाल सोडला, पासपोर्ट दिला, खिडकीतल्या चष्मेवाल्याने तो यंत्रावर ठेवला, यंत्रात हिरवा दिवा लागला, शिक्का बसला, तिने पासपोर्ट परत रुमालात बांधला. या सगळ्याला जेमतेम अर्धं मिनिट लागलं. मला तर जरा फसवल्यासारखंच झालं.

मग मी 'ओळख' खिडकीत सरकवली. ती खिडकीतून जाईना, तेव्हा चष्मेवाल्याने बाजूचं दार उघडून ती आत घेतली. हातात तोलून पाहिली, कण्यावरून बोट फिरवलं. "सुंदर बांधलंय," तो मनापासून म्हणाला. "कुणाचं काम?" मी म्हटलं, माझंच. (ताई, त्या एका मिनिटात मला वाटलं, की मला आता शिक्क्याबरोबर चहाही मिळणार.) त्याने अनुक्रमणिका वाचली, पान बेचाळीस काढलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू सरकारी झाला.

"हा शिवलाय?"

"हो. दोहेरी दोऱ्याने. कितीही ओढा, सुटणार नाही."

"पानांना भोकं कुणी पाडली?"

"मी."

"का पण?"

"भोकं पाडल्याशिवाय शिवता येत नाही," मी सांगितलं. त्याला खरंच माहीत नसेल असं मला वाटलं.

त्याने तरीही प्रयत्न केला, हे कबूल करायला हवं. अख्खी बांधणी उघडून यंत्रावर पालथी घातली. वरून दाबली. मला दाबायला सांगितलं. मागच्या रांगेतल्या एका धिप्पाड पैलवानाने "मी बघू का?" म्हणून स्वतःहून दाबली. यंत्रात लाल दिवा लागला तो विझेचना. शेवटी आतल्या खोलीतून मोठे साहेब आले. उंच, शांत माणूस, आवाज असा की शेजारच्या टेबलालाही ऐकू जाऊ नये. त्यांनी पान उजेडासमोर धरलं, भोकं मोजली आणि मला विचारलं, "आम्ही पासपोर्ट रद्द करतो तेव्हा काय करतो, माहीत आहे?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "त्याला भोकं पाडतो. दोनच पाडतो."

म्हणजे सरकारने दोन भोकांत जे केलं असतं ते मी आठ भोकांत, मेणाचा दोरा लावून, स्वखर्चाने केलं होतं. माझ्याकडे मी मीच असल्याचे सोळा पुरावे होते आणि ते सगळे खरे होते. साहेबांनी एकेक वाचला. मी कोण याबद्दल त्यांना काडीचीही शंका उरली नाही. (माझी वेलांटी सुद्धा त्यांना मान्य झाली.) फक्त पलीकडे जाऊ देता येत नव्हतं.

ही पलीकडच्या दारात उभी राहून बघत होती. आमच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली, पण ती एकटी कधी गावाच्या वेशीबाहेर गेलेली नाही, हे तुला माहीतच आहे. मला वाटलं, आता रडेल, किंवा मला बोलेल, किंवा परत फिरेल. तिने विचारलं, "मी जाऊ?" मी म्हटलं, "जा. ताईला उद्या सकाळी कुणीतरी आपलं दिसायला हवं." तिने मान हलवली, बसमध्ये चढली आणि खिडकीपाशी माझ्या जागेवर बसली. नियमापुढे माझं काय चालणार? थोड्या वेळाने फाटक वर गेलं, बस पलीकडे गेली, आणि मी तासाभराने उलट्या बसने घरी आलो. शुक्रवारी दिवसभर फोन मांडीवर घेऊन बसलो. चार वाजता तिने कळवलं, "झालं नीट. शुद्धीवर आल्या. पहिलं मलाच ओळखलं." तेव्हा कुठे मी पाणी प्यायलो.

तर हकीकत ही अशी आहे. यात माझी चूक असलीच तर अति काळजी घेतल्याची आहे, आणि ती सवय लहानपणी मला तूच लावलीस. जपून राहा, औषधं वेळेवर घे, भाच्याला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. – एक काम होतं. नव्या पासपोर्टासाठी अर्ज केला आहे. भोकं कशी पडली याचा खुलासा मागितला, तो अडीच पानी दिला. तिथल्या बाई म्हणाल्या, लवकर हवा असेल तर आजारी नातेवाइकाचं पत्र जोडा. तेव्हा 'हा माझा सख्खा भाऊ, याने मला भेटायला यावं' एवढं एका कोऱ्या कागदावर लिहून खाली सही कर. एकच कागद पाठव, ताई. सोबत दुसरं काही जोडू नकोस.

ता. क. २ – वर 'नियमापुढे माझं काय चालणार' असं लिहिलं आहे, ते तितकंसं खरं नाही. ही बसमध्ये जाऊन बसल्यावर मोठ्या साहेबांनी मला आत बोलावलं, कात्री पुढे केली आणि म्हणाले, "बहिणीचं ऑपरेशन आहे ना? दोरे कापा, पासपोर्ट सुटा करा. मी हाताने नोंद करून तीन दिवसांसाठी सोडतो. बस दहा मिनिटं थांबवतो." मी त्यांना सांगितलं, की बांधणी अशी कात्रीने कापायची नसते, पानं फाटतात, ती कण्याकडून एकेक टाका उसवायची असते. आणि मी एकेक टाका उसवायला बसलो. त्याला चाळीस मिनिटं लागतात हे माझ्याइतकं कुणाला माहीत? ड्रायव्हरने तीन वेळा हॉर्न दिला. साहेब म्हणाले, "अहो, कापा." मी कापलं नाही. ताई, ते कामाच्या अभिमानापायी नव्हतं. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, आणि तेव्हापासून आजपर्यंत तुला दिवसाउजेडी आडवी झालेली मी एकदाही पाहिलेली नाही. ते बघायची छाती झाली नाही. आता तू उभी राहिलीस म्हटल्यावर हे लिहायचा धीर आला. रागाव, पण पत्र लिहूनच रागाव, फोनवर नको. हिला यातलं काही बोलू नकोस, तिला माहीत नाही.

ता. क. ३ – पत्र न्यायला बसचा ड्रायव्हर दारात येऊन उभा आहे, आणि तो आत्ता सांगतोय, की तू पडलीस तेव्हा तुझा चष्माही फुटला आणि नवा अजून आलेला नाही. म्हणजे हे तुला तुझी भावजयच वाचून दाखवतेय, ते उघड आहे. आता सगळं पुन्हा लिहायला वेळ नाही. तर अगं, इथपर्यंत वाचलंच आहेस, पुढचं मोठ्याने वाचू नकोस. ताईला तुझी गरज आहे तोवर खुशाल राहा. मी जेवतो, दुकान उघडतो, सगळं चाललं आहे. चाललं आहे म्हणजे घरात दिवसभर कुणी मला काही बोलत नाही, आणि त्याची सवय होईल असं दिसत नाही. यायचं ठरलं की कोणत्या बसने ते कळव. फाटकाच्या अलीकडे मी उभा असेन. तिथपर्यंत यायला कुठलाही कागद लागत नाही, चौकशी केली आहे.