कोरफडीसाठी दिवा

आई, तुझ्या कोरफडीसाठी दिवा विकत घ्यायची वेळ माझ्यावर आली. तू असतीस तर आधी हसली असतीस आणि मग म्हणाली असतीस, "उन्हाची कमी हाय व्हय आपल्याकडं?" धाराशिवात उन्हाची कमी नाहीच. शिमग्यापासून डोकं फोडणारं ऊन असतं. पण माझ्या फ्लॅटच्या एकुलत्या एका गॅलरीसमोर गेल्या वर्षी एक इमारत उभी राहिली आणि माझ्या वाटणीचं सगळं ऊन तिनं घेतलं. गच्चीवर कुंडी ठेवावी तर माकडं, खाली ठेवावी तर लोकांच्या गाड्या. म्हणून कोरफड आता स्वयंपाकघराच्या ओट्यावर खिडकीपाशी असते, आणि तिथं भर दुपारी मला भाजी निवडायलाही बल्ब लावावा लागतो.

ही तीच कोरफड, तामलवाडीच्या घराच्या चौकटीला तू मुळं वर करून उलटी टांगलेली. तिला ना माती, ना पाणी. मी एकदा विचारलं होतं, "ही जगते कशावर गं?" तू पिठाचे हात झटकत म्हणालीस, "आपल्याला लागणारी नजर खाऊन." तू गेल्यावर घराला कुलूप लावताना मी ती सोडवली आणि पिशवीत घालून आणली. सुरकुतून चामड्यासारखी झाली होती. मातीत खोचली तर काही दिवसांत ताठ उभी! मग माझ्या बदल्या झाल्या, भाड्याच्या खोल्या बदलल्या, आणि दर वेळी सामानाच्या टेम्पोत ही माझ्या मांडीवर. मूळ रोप कधीच गेलं, ही त्याच्या पिल्लाच्या पिल्लाचं पिल्लू. बाकीची मी हौसेनं वाटली आणि लोकांनी मायेनं पाणी घालघालून मारली. त्या घरातलं जिवंत असं आता आम्ही दोघीच उरलोय, ही आणि मी. ही गेली तर मी खरंच एकटी पडेन. कोरफडीसाठी इतका जीव टांगणीला लावणारी बाई दुसरी कुणी असती तर मी तिला वेड्यात काढलं असतं.

त्यातही माझी फजिती ऐक. पावसाळ्यात हिची पानं लांब व्हायला लागली. लांब, बारीक, फिकट पोपटी. मी हरखले! कारण माझ्या डोळ्यांसमोर तुझा नवरात्रातला घट होता. देवघराचा तो अंधारा कोपरा, पत्रावळीवरची शेतातली काळी माती, मधोमध पाणी पाझरणारं मडकं आणि भोवती गव्हाचे पिवळेधमक कोंब. तू रोज पूजा झाली की त्यांना वीत लावून बघतेस आणि स्वयंपाकघरात येऊन आनंदानं सांगतेस, "घट लई वाढलाय गं, यंदा घर भरंल." लांब आणि पिवळं म्हणजे शुभ, हे माझ्या डोक्यात तिथंच बसलं ते बसलंच. सातवीच्या पोरांना मी दर वर्षी फळ्यावर सूर्य काढून झाडं अन्न कसं तयार करतात ते शिकवते, आणि घरी येऊन कोरफडीला वीत लावते! समोरच्या दारच्या वहिनींना बोलावून कौतुकानं दाखवली. त्या भोळ्या बिचाऱ्या, मनातलं तोंडावर. म्हणाल्या, "मॅडम, ही वाढ कशाची? ऊन शोधायलीय ती. उपाशी हाय." त्या गेल्यावर ओटा पुसताना लक्षात आलं. म्हणजे आपला घटही नऊ दिवस उजेडच शोधत असायचा, आणि आपण त्याला भरभराट म्हणायचो.

मग दिव्याचा शोध सुरू झाला. वीज-सामानाच्या दुकानदाराला कोरफडीसाठी दिवा हवा म्हटल्यावर त्यानं आधी मला नीट बघून घेतलं. मग म्हणाला, "जांभळा घेऊन जा मॅडम, झाडास्नी त्योच लागतो." आणला. लावला तर सगळं स्वयंपाकघर जांभळं, माझे हात जांभळे, पोळीसुद्धा जांभळी. वहिनींनी दारातूनच विचारलं, "आज काय आर्केस्ट्रा हाय का?" आणि मुख्य म्हणजे त्या उजेडात पान हिरवं आहे की पिवळं, तेच कळेना. आजारी माणसाचा चेहरा दिसू नये असा दिवा काय कामाचा? परत केला. मग वाचलं, विचारलं, खोक्यांवरची बारीक अक्षरं चष्मा लावून बघितली. वॅट मोठ्या अक्षरात छापतात, पण ते नुसतं वीज किती खाणार तेवढंच सांगतात, पानावर उजेड किती पडणार ते नाही. शेवटी दिवसाच्या उजेडासारखा साधा पांढरा घेतला, वाकवता येणाऱ्या दांडीचा. तो फार खाली आणला तर पानांची टोकं तांबूस पडली, फार वर नेला तर काही उपयोग नाही. दीड वितीवर जमलं. वीत लावायची सवय अशी कामी आली.

पण पहिल्याच दिवशी शाळेला निघताना कुलपावर माझा हात थांबला. आत दिवा चालू होता. नवरात्रात तू घराला कधी कुलूप लावलं नाहीस, अखंड दिवा तेवत असताना घर सोडायचं नाही म्हणून. मी डी.एड.ला सोलापुरात होते तेव्हाची एक सातवी माळ मला आठवते. आप्पा जाऊन वर्ष झालं होतं. न कळवता मी एसटीनं आले. दार उघडंच, आणि तू घटासमोर बसून बोलतेयस.

"कुणाशी बोलायलीस?"

"घटाशी. दुसरं हाय कोण?"

मी म्हटलं, नवरात्र झालं की चल माझ्याकडं, चार दिवस राहा. तू वात सारखी केलीस आणि म्हणालीस, "बघू. आत्ता काय न्हाय वाटत मला. दिवा हाय तवर घरात कुणीतरी हाय. त्यो शांत झाला की मग लई मोठं व्हतंय गं घर." मला वाटलं, आईला दिव्याचं भारी वेड. शेंगाची चटणी आणि भाकरी खाऊन मी दुसऱ्या दिवशी परत गेले. तुझ्या त्या मोठ्या होणाऱ्या घरात तू दसऱ्यानंतर काय करायचीस, हे मी कधी विचारलं नाही, आणि आता विचारायला तू नाहीस.

कुलूप लावून मी शाळेला गेले. दिवा रात्रंदिवस तेवत ठेवला, तुझ्यासारखाच. पानं मलूल झाल्यावर कळलं की रोपाला अंधारही लागतो, थोडी झोप लागते. मग दिवा आपोआप चालू-बंद करणारा टायमर आणला. आता मधून नवं पान येतंय, आखूड, जाड, काळपट हिरवं. घटाच्या हिशेबानं अशुभच म्हणायचं, पण मी पेढे वाटायचीच बाकी आहे.

हे पत्र कुठं टाकणार? तामलवाडीच्या घराला कुलूप आहे आणि चौकटीला नुसता खिळा. कुंडीखालच्या बशीखाली घडी करून ठेवीन. फक्त एक सांगायचं राहिलं. टायमर पहाटेपासून दुपारपर्यंत लावला असता तरी कोरफडीला चाललं असतं. मी तो उशिरा सुरू होऊन रात्री माझं जेवण होईपर्यंत चालेल असा लावलाय. शाळेतून आल्यावर कुलूप उघडते तेव्हा आत उजेड असतो, आणि आई, रोज दार ढकलताना क्षणभर मला वाटतं, घरात कुणीतरी आहे.