चौथा रकाना

बुधवार, दुपार

प्रिय भिंगरी,

तुझी शेवटच्या सत्राची नोंदणी अडकली आहे, आणि ती माझ्यामुळे अडकली आहे. काल दुपारी विद्यापीठाच्या नोंदणी कार्यालयातल्या बाईंनी फोनवर तसं पक्कं सांगितलं. तुला त्यांनी फक्त 'एक कागद अपुरा' एवढंच कळवलंय म्हणे. कोणता, ते सांगता येत नाही, कारण प्रार्थनागृहाच्या प्रमुखाचं शिफारसपत्र गोपनीय असतं. गोपनीय कसलं! तुझ्यासमोरच तर भरलं होतं मी ते. त्यामुळे तू ओळखलं असशीलच, आणि ओळखूनही मला फोन केला नाहीस. फोन का केला नाहीस, तेही मला कळतं.

बाई बोलायला फार चांगल्या आहेत. म्हणाल्या, "काका, अकरा वर्षांत तुमच्या प्रार्थनागृहाकडून एकही पत्र अर्धवट आलं नाही. चौथा रकाना घाईत राहून गेला ना?" मी फक्त 'हो' म्हणायचं होतं. त्यांनी तिथल्या तिथे माझ्या नावाने खूण करून टाकली असती, तुझं नाव यादीत चढलं असतं आणि येत्या सोमवारी तू शिकवण्याच्या सरावासाठी मिळालेल्या तुझ्या तिसरीच्या वर्गासमोर फळ्याशी उभी राहिली असतीस. पण माझ्या तोंडून निघालं, "राहिला नाही. सोडलाय." मग त्या हळूच म्हणाल्या, "अहो, 'नाही' लिहिलं असतंत तरी चाललं असतं. त्याच्याखाली कारण लिहायला चार ओळी असतात, त्या वाचून समिती सत्र मंजूर करते. दर वर्षी दोन-तीन मुलांचं करते. पण कोऱ्या रकान्याचं आम्ही काय करणार?"

आता माझा शहाणपणा बघ. मला वाटलं होतं, 'हो' लिहिलं तर खोटं होईल, 'नाही' लिहिलं तर तुझं नुकसान होईल, म्हणून कोरं सोडावं, म्हणजे कुणाचंच वाईट नाही. आणि सगळ्यात वाईट तेच निघालं. नोंदणी शुक्रवारी दुपारी बारा वाजता बंद होते. तोवर तुझं नाव चढलं नाही, तर सरावासाठी मिळालेला वर्ग दुसऱ्या कुणाला जाणार आणि तुझं वर्ष वाया जाणार. हे सगळं मी चष्म्याची काच घासायचं यंत्र चालू ठेवून ऐकत होतो. एका गिऱ्हाइकाची काच त्यात पार वाया गेली.

काल दुकान लवकर बंद केलं आणि शिफारसपत्रांच्या प्रतींची फाइल काढली. आपल्याकडून त्या विद्यापीठात गेलेल्या मुलांची, दर वर्षीची. एकूण त्रेसष्ट पत्रं. बासष्ट पत्रांत चौथ्या रकान्यात ठसठशीत खूण आहे. 'विद्यार्थ्याशी बोलून त्याची श्रद्धा दृढ असल्याची आपण खात्री केली आहे का?' असा तो प्रश्न. खात्री मी कशी करायचो, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? लहानपणी तपासणीच्या फिरत्या खुर्चीवर गरगर फिरत तू सगळं बघायचीस. मुलं सुट्टीत घरी आली की दुकानात डोकवायची. माझ्या एका हातात पेचकस आणि दाताखाली बारका स्क्रू. "काय, सगळं ठीक ना?" "हो काका." झाली खूण. सुताराचा मुलगा तर कानातलं गाणंही न काढता 'हो' म्हणाला होता. बेकरीवाल्याच्या जुळ्यांपैकी एक जण आला, त्याला विचारलं आणि दोघांची पत्रं भरली. आजतागायत मला सांगता येणार नाही, आला होता तो कोणता. तुझी स्वतःची आधीची तीन पत्रंही त्या बासष्टांतच आहेत. जेवताना पुढ्यात घेतली होती. एकावर आमटीचा डाग आहे.

मग याच वर्षी मला खात्री करण्याची एवढी हुक्की का आली? आजवर मी स्वतःला सांगत आलो, की आपलीच मुलगी म्हणून जास्त काळजीपूर्वक विचारलं. ते खरं नाही. तुझं पत्र भरलं त्या सकाळी तुझी आत्या दळणाचा डबा घेऊन आली होती, आणि दारातूनच म्हणाली, "लोक बोलायला लागलेत रे. प्रमुखांची लेक शेवटच्या रांगेत बसते आणि ओठसुद्धा हलवत नाही. बाकीच्यांचं राहू दे, तिला तरी नीट विचारून भर कागद. उद्या म्हणतील, घरचीच म्हणून चालवून घेतलं." म्हणजे मी देवाला भिऊन विचारलं नाही, आणि तुझ्या मायेपोटीही नाही. लोकांच्या बोलण्याला भिऊन विचारलं. दुकानाची पाटी उलटी केली, पेचकस खाली ठेवला, तुला त्याच फिरत्या खुर्चीवर बसवलं आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा तो प्रश्न पूर्ण वाचून दाखवला.

तू खुर्ची पायाने जराशी या बाजूला, जराशी त्या बाजूला फिरवत राहिलीस. मग म्हणालीस, "बाबा, मला माहीत नाही. आई गेल्यापासून मी उभी राहते, शब्द म्हणते, पण पलीकडे कुणी ऐकतंय असं वाटत नाही. ऐकत नाहीये असंही ठामपणे वाटत नाही. तुम्ही म्हणत असाल तर 'हो' म्हणते." मी म्हटलं, "नको." त्यानंतर तू मला एक प्रश्न विचारलास आणि मी वळून समोरच्या कपाटातल्या काचा पुसायला लागलो. त्या प्रश्नाकडे येतो. येणारच आहे, पण जरा वेळ दे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तू गेलीस. पत्र टपालात टाकलं तेव्हा, खरं सांगतो, मला स्वतःचा अभिमान वाटत होता. पोटच्या मुलीच्या बाबतीतसुद्धा आपण खोटी खूण केली नाही, म्हणून. आई असती तर तिने माझी चांगली हजेरी घेतली असती. तुला आठवतं, प्रवेशअर्जासाठी 'माझी श्रद्धा' यावर तीन पानं लिहायची होती, तेव्हा तू जेवणाच्या टेबलावर बसून चांगली सात पानं लिहिली होतीस? आईने अंथरुणावरूनच ती वाचायला मागितली आणि पेन्सिलीने निम्मी खोडली. म्हणाली, "यातलं जे तू पाहिलंयस तेवढं ठेव. जे ऐकलंयस ते काढ." उरलं दीड पान. तू घाबरली होतीस, एवढ्यावर कोण प्रवेश देणार म्हणून. मुलाखतीला गेलीस तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या धर्मशिक्षकांनी तेच दीड पान पुढे धरून तुझ्याशी तासभर गप्पा मारल्या. बाहेर येऊन तू मला सांगितलंस, "बाबा, त्यांनी मला एकही उत्तर शिकवलं नाही." ते कौतुक होतं की तक्रार, हे तेव्हा मला कळलं नव्हतं. आज कळतं.

आणखी एक सांगायचंय. गेल्या शनिवारी आपला तो ट्रकवाला आला होता, मोठ्या मिशांचा, जो दर दोन वर्षांनी परवान्यासाठी डोळे तपासून घेतो. मी सवयीने समोरचा अक्षरांचा तक्ता दाखवला. त्याने शेवटची ओळ अशी घडाघडा म्हटली की मला शंका आली. काहीतरी वाटलं म्हणून तक्ता उलटा करून मागच्या बाजूची अक्षरं लावली. गडी तिसऱ्याच ओळीत अडकला. मग स्वतःच मोठ्याने हसला, "काका, हे काय! बारा वर्षं इथे तीच ओळ होती!" त्याला वरच्या दोन ओळींपुढे काही दिसत नव्हतं आणि तो रात्रंदिवस ट्रक चालवत होता. मी रागावलो नाही. दिसत नाही, असं कुणी सांगितलं की रागवायचं नसतं, नंबर काढायचा असतो, हे माझ्या धंद्यातलं पहिलं पाऊल. मी त्याच्यासाठी काच शोधत होतो आणि हात मध्येच थांबला. दिवसातून पन्नास वेळा मी लोकांना विचारतो, 'हे स्पष्ट, की हे?' कुणी म्हणतं, दोन्ही धूसर. मी त्यांना उठवून बाहेर घालवत नाही. माझ्या त्याच खुर्चीत बसून तू एवढंच म्हणाली होतीस, आणि तुझा रकाना मात्र मी कोरा सोडला.

तर आता पुढचं. फोन ठेवण्याआधी बाईंना विचारलं, मी स्वतः येऊन कारण लिहून दिलं तर? त्या म्हणाल्या, समितीची शेवटची बैठक गुरुवारी, म्हणजे उद्याच, सकाळी अकराला आहे. पत्र देणारा प्रमुख स्वतः आला तर त्याला आत बोलावतात. मी येतो म्हणून सांगितलं. संध्याकाळी आत्याला कळलं, तेव्हा ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "आता शहाणपण सुचतंय होय रे तुला? आणि त्या बासष्टांचं काय सांगणार आहेस? तुझ्या खरेपणापायी दुसऱ्यांच्या पोरांना टांगणीला लावू नकोस म्हणजे झालं." तिचं बरोबर आहे. म्हणून आज सकाळी बाईंना पुन्हा फोन करून आधी तेच विचारून घेतलं. मंजूर झालेली पत्रं पुन्हा उघडत नाहीत. मुलांना काही होणार नाही, विचारलं तर फक्त मला विचारतील. आत्याला हे सांगितलं तर म्हणाली, "मग तो निळा सदरा घाल. या करड्यात तू आधीच गुन्हेगार दिसतोस." आणि इस्त्री करून ठेवलाय तिनेच. बोलली तीच होती ना लोकांचं ऐकून. आता इस्त्रीवर राग काढला.

कारणासाठी चार ओळी असतात. मी आज सकाळपासून तीन वेळा लिहून फाडल्या, कारण आईची पेन्सिल आठवत होती. शेवटी एवढ्या उरल्या: 'अकरा वर्षांत मी हा प्रश्न फक्त एकाच विद्यार्थिनीला विचारला. तिला खोटं बोलण्याची पूर्ण मुभा होती. ती खरं बोलली. मुलांना शिकवायला अशी शिक्षिका हवी असेल, तर हे सत्र तिला द्यावं.' चौथ्या रकान्यात 'नाही' लिहावं लागेल, त्याशिवाय या ओळी भरता येत नाहीत. ते तुला दुसरीकडून कळायच्या आधी माझ्याकडून कळावं.

आणि आता तुझा प्रश्न. तू विचारलं होतंस, "तुम्हाला वाटतं का बाबा, कुणी ऐकतंय?" प्रार्थनागृहाच्या प्रमुखालाही दर वर्षी वरच्या मंडळाला तसाच कागद पाठवावा लागतो, हे तुला माहीत नसेल. त्यातही हा रकाना आहे, आणि तिथे विचारणारं कुणी नसतं, आपण आपलीच खात्री करायची. आई गेल्यापासून दोन वर्षं मी तिथे खूण केली, ट्रकवाल्याने ओळ म्हटली तशी. भिंगरी, मला माहीत नाही. मीही उभा राहतो, शब्द म्हणतो आणि तुझ्यासारखाच वाट बघतो. तरी दर आठवड्याला कुलूप मी उघडतो, सतरंज्या मी झटकतो, कारण आईची जागा तिथे दुसऱ्या रांगेत आहे आणि ती जागा झाडलेली असावी, असं मला वाटतं. याला दृढ म्हणतात की नाही, ते समितीने ठरवावं. उद्या मी त्यांना हेच सांगणार आहे, आणि ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून तुझ्या कानावर जाण्याआधी तुला सांगायचं होतं, म्हणून हे पत्र. माझं प्रमुखपद बहुधा जाईल. किल्ल्या आत्याकडे देऊन ठेवल्या आहेत. सकाळच्या पहिल्या बसने येतो. नऊच्या सुमारास हे पत्र तुझ्या वसतिगृहाच्या दारावरच्या बाईंकडे ठेवीन आणि वर न येता तसाच पुढे जाईन. अकरा वाजता मला आत बोलावतील. निर्णय चारपर्यंत लागतो, आणि तो आधी तुला कळवा, मला नंतर, असं मी नोंदणीच्या बाईंना सांगून ठेवलंय. तोवर मी समितीच्या खोलीबाहेरच्या लाकडी बाकावर असेन, निळ्या सदऱ्यात. बाक दोघांना पुरेल एवढा लांब आहे म्हणतात.

तुझाच, आणि यापुढे आधी विचारून मग खूण करणारा,
बाबा