रस्त्यापलीकडे गेलेला चॅम्पियन

ब्रिस्टल (रस्त्याची व्हर्जिनियाकडची बाजू, फर्निचरच्या दुकानावरचा मजला)
मंगळवार, १४ ऑक्टोबर २००३

तीर्थरूप रोवीना आत्यास,

तुझ्या होबार्टचा रस्त्याच्या या बाजूने सादर नमस्कार. तुझा डावा गुडघा, तुझा रक्तदाब आणि पाद्रीसाहेबांवरचा तुझा राग ही तिन्ही दुखणी आटोक्यात असतील अशी आशा आहे. माझं म्हणशील तर खांदे बरे आहेत, झोप बरी नाही. खालच्या दुकानात जो सोफा अकरा वर्षं विकला गेला नाही तो मालकाने मला झोपायला दिलाय, आणि तो का विकला गेला नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं. पत्र लिहितोय कारण फोनचा मार्ग तू बंद केलास. मी चार वेळा फोन केला. चारही वेळा तू ‘कुठून बोलतोयस?’ विचारलंस आणि ‘व्हर्जिनियातले फोन मी घेत नाही’ म्हणून ठेवून दिलास. (आतोबा जन्मभर मूळचे व्हर्जिनियाचे होते, आणि त्यांना टेनेसीत आणल्यावरच तू लग्नाला उभी राहिलीस, हे मी विसरलेलो नाही. पण त्यांना निदान टेनेसीत यायची मुभा होती.) तुझं घर माझ्या खिडकीतून दिसतं; मध्ये एवढा स्टेट स्ट्रीट, त्याच्या त्या अंगाला तुझं टेनेसी राज्य, या अंगाला व्हर्जिनिया. काल तू पडदे धुतलेस. निळे चांगले दिसतात.

आता हे सगळं कसं झालं ते एकदा माझ्या तोंडून ऐक, कारण मी स्वतः होऊन पलीकडे गेलो असं तुझ्या मनात कुणीतरी भरवून दिलंय. आपल्या गावात कुस्त्यांचे खेळ दोन. सोमवारचा हलकल्लोळ टेनेसीच्या बाजूला, तंबाखूच्या जुन्या गोदामात. गुरुवारचा गदारोळ व्हर्जिनियाच्या बाजूला, शाळेच्या मागच्या हॉलमध्ये. दोन्हींचा मालक एकच, आमचे टॅकेटसाहेब. दोन्हींचं रिंगणही एकच. ते मंगळवारी ट्रकमध्ये चढून रस्ता ओलांडतं. पण लोकांनी मात्र समजायचं की दोन्ही खेळ एकमेकांच्या जिवावर उठलेत. टॅकेटसाहेबांनी टीव्हीवर पाहिलं की मोठमोठ्या कंपन्या आपले चॅम्पियन एका खेळातून दुसऱ्या खेळात हलवतात आणि त्यावर महिनाभर चर्चा होते. झालं. साहेबांना चर्चा हवी होती. त्यांनी पॉपकॉर्नच्या बादलीत सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या, डोळ्यांवर रुमाल बांधला आणि एक चिठ्ठी काढली. होल्स्टनचं अस्वल, म्हणजे मी, पट्ट्यासकट गुरुवारी! (नंतर बादली झाडताना कळलं की सगळ्याच चिठ्ठ्यांवर माझं नाव होतं. काहींवर तर त्यांच्या बायकोच्या अक्षरात.) साहेबांचा हिशेब असा की मी पलीकडे गेलो की टेनेसीचे लोक माझ्यामागून रस्ता ओलांडतील. हा माणूस या गावात एकोणतीस वर्षं राहतोय, आत्या, आणि त्याला अजून वाटतं की इथले लोक रस्ता ओलांडतात.

तुला आमच्या धंद्याचा नियम माहीतच आहे. नायक आणि खलनायक एका गाडीत बसत नाहीत, एका टेबलावर जेवत नाहीत, निदान कुणी बघत असताना. डॉयल माझा सख्खा मेहुणा, वेल्माचा पाठचा भाऊ, आणि रिंगणात ‘रक्तपिपासू बॅरन’. त्यामुळे चौदा वर्षांची थँक्सगिव्हिंगच्या सणाची जेवणं त्याने आमच्या मागच्या ओसरीत वॉशिंग मशीनवर ताट ठेवून काढली, कारण जेवणाच्या खोलीची खिडकी रस्त्याकडे आहे. (तू त्याला टर्कीची तंगडी वाढायचीस, पण तोंड फिरवून. तेवढं तत्त्व तू पाळायचीस.) तोच नियम साहेबांनी आता दोन खेळांना लावला. गुरुवारच्या माणसाने दिवसाउजेडी टेनेसीत दिसायचं नाही. माझं घर टेनेसीत, माझा न्हावी टेनेसीत, माझं चर्च टेनेसीत, माझी बायको टेनेसीत. वेल्माला म्हटलं, तूही इकडे चल. ती म्हणाली, ‘मी सोमवारच्या दारावर तिकिटं फाडते. मी शत्रूकडे राहायला येऊ? लोक काय म्हणतील?’ तेव्हापासून आठवड्याचे धुतलेले कपडे ती रस्त्याच्या मधोमध, राज्यांची हद्द दाखवणाऱ्या त्या पितळी खुणांवर ठेवते आणि मागे न बघता निघून जाते. वाहनं हळू होतात. माझे लाल पट्टेरी पायजमे आता दोन्ही राज्यांना ओळखीचे झालेत.

पहिल्या गुरुवारचं काय सांगू. चौदा वर्षं मी दर सोमवारी माइक हातात घेऊन व्हर्जिनियावाल्यांचा उद्धार केलेला. त्यांच्या मक्याच्या ब्रेडमध्ये साखर असते, ते चहात पुरेशी साखर घालत नाहीत, त्यांच्या बाजूला सूर्यसुद्धा लाजून मावळतो, एक ना दोन. तू पहिल्या रांगेत उभी राहून ‘अजून सांग!’ ओरडायचीस आणि मी अजून सांगायचो. आता त्याच लोकांपुढे नायक म्हणून उभं राहायचं. मी आठवडाभर भाषण पाठ केलं होतं. दिवे लागले, संगीत वाजलं, मी दोन्ही हात वर केले, आणि चौदा वर्षांची जीभ ती, तिच्यावरून निघालं, ‘टेनेसीच्या माझ्या भावांनो आणि बहिणींनो!’ मला वाटलं आता खुर्च्या येतील. खुर्च्या आल्या असत्या तर मी सुखाने मेलो असतो, आत्या. हुर्यो हीसुद्धा आमची भाकरीच आहे. हुर्यो उडवणारा माणूस घरून ठरवून आलेला असतो. पण तिथे काहीच झालं नाही. तीनशे माणसं गप्प. पुढच्या रांगेतल्या एका बाई मोजे विणत होत्या, त्यांनी मान वर केली, मला पाहिलं आणि टाके पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या. मी कुस्ती जिंकलो. कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी पंचाने टाळ्या वाजवल्या, पण तो टेनेसीचा.

आणि मग थरांच्या केकचा विषय. आपल्याकडे लग्नात प्रत्येक घरातून केकचा एक थर येतो, मध्ये सुक्या सफरचंदाचा मुरंबा लावून थरावर थर चढतात, आणि जितके थर तितकी नवरी लोकांची लाडकी, हे जगजाहीर आहे. तेच मोजमाप तू आमच्या गोदामात आणलंस. दर सप्टेंबरात पट्टा राखला की बायका एकेक थर आणायच्या, तू उभी राहून मुरंबा लावायचीस, आणि गेल्या वर्षी चौदा थर झाले होते. केक कलला, पाद्रीसाहेबांनी एका बाजूने हात लावून धरला, तेव्हापासून तर तुमचं बिनसलंय. या सप्टेंबरात गुरुवारी माझ्यासाठी दोन थर आले. त्यातला एक मी दुकानातून आणून कागद काढून ठेवला होता. दुसरा ज्याने आणला तो गृहस्थ खेळ संपेपर्यंत उभा होता. मला भरून आलं, मी त्याचा हात धरायला गेलो, तर त्याला त्याचा डबा परत हवा होता.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी हे पत्र लिहिलं नसतं. मी गेल्यावर सोमवारला चॅम्पियन नको का, म्हणून साहेबांनी डॉयलला रातोरात सज्जन केलं. चौदा वर्षं ज्याने माझ्या डोळ्यांत मीठ टाकलं, माझ्या पाठीवर घंटा मारली, तो आता लहान मुलांचे पापे घेतो. ठीक आहे, धंदा आहे. पण वेल्मा मला रस्त्यापलीकडून ओरडून काय सांगते? की रोवीना आत्या पहिल्या रांगेत उभी राहून ‘डॉयल! डॉयल!’ करते. की आत्याने डॉयलसाठी अकरा थर जमवले आणि मुरंबा स्वतः लावला. की आत्या त्याला ‘आमचा डॉयल’ म्हणते. आत्या, मला राग आला नाही. मला वाईट वाटलं. आई गेल्यावर तू मला वाढवलंस, पहिल्या कुस्तीचा लाल पायजमा तू आपल्या पडद्याचा शिवलास, आणि मी पहिल्यांदा आपटलो तेव्हा तू रिंगणात चढून पंचाच्या कानाखाली वाजवलीस. माणसाला चार-पाचशे लोक लागत नाहीत. मला वाटायचं मला लागतात. मला तू लागायचीस, बाकीचे तुझ्यामागून ओरडायचे.

आता टॅकेटसाहेबांनी चौकशी बसवली आहे. विषय असा: चॅम्पियन हलवल्याने त्यांची लोकप्रियता घटली की मुळातच ते तेवढे लोकप्रिय नव्हते? (समितीत तेच एकटे आहेत. बैठक त्यांच्या गाडीत होते.) निकाल शनिवारी. स्टेट स्ट्रीटची वाहतूक दुपारी थांबवून रिंगण रस्त्याच्या बरोबर मधोमध लावणार, निम्मं टेनेसीत, निम्मं व्हर्जिनियात. डॉयल आणि मी, पट्ट्याला पट्टा. पण कुस्ती कोण जिंकतो याच्याशी साहेबांना कर्तव्य नाही. दोन्ही बाजूंनी केकचे टेबल असणार, आणि ज्याचे थर कमी त्याने सोमवार नाही, गुरुवार नाही, कायमचं घरी बसायचं. एकोणपन्नास वर्षांचा माणूस मी. मला नीट पडता येतं, एवढंच येतं. घरी बसून कुणासमोर पडू?

असो. थोरामोठ्यांना नमस्कार, मांजरीला माझी आठवण दे, आणि पडदे भर उन्हात वाळत घालू नकोस, निळा रंग उडतो.

तुझा,
होबार्ट

ता. क. मी काही मागायला लिहितोय असं समजू नकोस. पण शनिवारी सकाळी कुणाच्या हाती, नाव न लिहिता, एखादा थर व्हर्जिनियाच्या टेबलावर पोचला तर मी कुणी पाठवला हे विचारणार नाही. पातळ चालेल. खालून जळलेला चालेल. डॉयलसाठी तू भट्टी पेटवलीच असशील, त्यात एकाला जागा निघेल.

ता. क. २. थर जमत नसेल तर तेही राहू दे, तत्त्व ते तत्त्व. मग निदान एक कर. मी रिंगणात येईन तेव्हा हुर्यो उडव. पोटातून, पूर्वी बॅरनला उडवायचीस तशी. मी आता शत्रूचा आहे, त्यात काही गैर नाही, आणि तू सुरुवात केलीस की बाकीचे करतात. फक्त गप्प बसू नकोस. गप्प बसणारे माझ्याकडे गुरुवारी भरपूर आहेत.

ता. क. ३. पत्र डॉयलकडे दिलं, कारण टपालाने शनिवारच्या आत पोचेल याचा भरवसा नाही आणि त्याला तुमच्या बाजूला राजरोस फिरता येतं. फर्निचरच्या दुकानामागे, कपाटाच्या आड आम्ही भेटलो. त्याने ते उघडून वाचलं (हा माणूस सज्जन झाला तो फक्त सोमवारपुरता), आणि वाचता वाचता खाली बसला. म्हणाला, ‘दाजी, कोण म्हणालं तुम्हाला हे? आत्या सोमवारी येतच नाहीत. तुम्ही गेल्यापासून एकदाही नाही. पहिल्या रांगेतली त्यांची खुर्ची मोकळी असते आणि तिथे बसायची कुणाची छाती होत नाही. अकरा थर कसले? मला तीन आले, आणि मुरंबा लावायला कुणी नाही म्हणून ते तसेच कोरडे खाल्ले. मी दर सोमवारी रिंगणात उभा राहतो आणि लोक माझ्याकडे नाही, त्या खुर्चीकडे बघतात. कधी टाळ्या वाजवायच्या हेच कुणाला कळत नाही. त्यांना सांगा ना, निदान मला पूर्वीसारख्या शिव्या तरी घालायला या.’ बिचाऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. मी त्याला रुमाल दिला. आम्ही एका बाकावर बसलो, नियम मोडला. एवढं लिहायला पत्र मी परत वर आणलंय.

वेल्माला आत्ताच खिडकीतून ओरडून विचारलं. तीही रस्त्यातून ओरडून म्हणाली, ‘मग खोटं नाही सांगणार तर काय करणार? तुला चीड आली असती तर साहेबांच्या छाताडावर बसून घरी आला असतास. तू बसलास पत्र लिहीत!’

तर आत्या, साहेबांच्या चौकशीचं उत्तर मला मिळालं आहे. चॅम्पियन हलवल्याने काही बिघडत नाही. तू घरी बसलीस, त्याने दोन्ही बाजू बसल्या. मी हे साहेबांना सांगणार नाही. सांगितलं तर ते उद्या तुलाच गुरुवारी हलवतील. वरच्या दोन्ही मागण्या रद्द समज. थर नको, हुर्यो नको. शनिवारी दुपारी दोनला फक्त ये. रस्ता ओलांडू नकोस, फुटपाथवरच उभी राहा. मी त्या अंगाला पडेन.