आयुधपूजेची आंघोळ

अंबत्तूर, चेन्नई
नोव्हेंबर २००६

प्रिय ऋजू,

माझ्यावर सध्या घोर अन्याय चालला आहे आणि तो करणारा आमच्या गॅलरीतला कढीपत्ता आहे. तो असा माजलाय, की सगळी इमारत त्याला सरकारी समजते. तोंडात ब्रश असताना बेल वाजते आणि दारात शेजारच्या कनकामामी. कोंजम करवेपिलै, म्हणतात. करवेपिलै म्हणजे कढीपत्ता, कोंजम म्हणजे थोडासा. हातात पिशवी मात्र मंडईत न्यायची. वर ऐकवतात, तुझ्या हाताला गुण आहे हो. गुण तुझ्या बादलीचा, हे मी त्यांना सांगत नाही.

आठवतंय ना? पावसाळ्यात तू आमच्या कारखान्यातल्या तुझ्या टॉवरमधलं थोडं खताचं मिश्रण तपासायला बाहेर काढलंस, त्यातलं बादलीभर मी कुंडीसाठी पळवलं. तू म्हणालीस, उसनं म्हणून ने हं ताई, त्यातले जिवाणू जिवंत आहेत. मी मात्र सगळ्या कँटीनला सांगत सुटले, की माझ्या बहिणीने पीएच.डी. करून शेणखतात संसार थाटलाय. लोक हसले. तूही हसलीस. तेवढ्यावर थांबले असते तर बरं होतं.

मनातून मला कौतुकच होतं गं. आमच्याकडे स्टीलचे सुटे भाग नायट्रिक ॲसिडात बुडवून साफ करतात. त्याचा तांबूस धूर वर्षानुवर्षं चिमणीतून निघायचा आणि मागच्या वस्तीतल्या बायका वाळत घातलेले कपडे उचलून, पोरांना ओढत घरात पळायच्या. तू टॉवर उभारून तो धूर त्यातल्या नारळाच्या सोडणांतून आणि खतातून फिरवलास, वरून मळीचं पाणी शिंपडलंस, आणि सोडणांवरच्या बुळबुळीत थरातले जिवाणू तो गिळायला लागले. धूर दिसेनासा झाला. आमचे मालक गुरुमूर्ती बोनस वाटतानाही हसत नाहीत, ते पाहुण्यांना हसतहसत टॉवर दाखवू लागले.

मग आयुधपूजा आली. इथे त्या दिवशी लेथपासून स्कूटरपर्यंत सगळं घासूनपुसून, चंदन-कुंकू लावून बसवतात. तू पुण्याला आईकडे होतीस, व्यवस्था माझ्याकडे. सगळी यंत्रं नवरीसारखी नटलेली आणि तुझा टॉवर तेवढा शेवाळलेला, वास मारणारा. पाहुण्यांसमोर माझ्याच बहिणीचं यंत्र पारोसं, हे मला बघवेना. झाडलोट करणाऱ्या अंजलैला मी ब्लीचिंग पावडरचं पाणी टॉवरमध्ये वरून ओतायला लावलं. ती म्हणाली, धाकट्या मॅडमना एकदा विचारू या की, अम्मा. मी म्हटलं, देवाच्या कामाला परवानगी कसली? वर झेंडूचा हारही मीच घातला.

सुट्टी संपून काम सुरू झालं आणि धूर पुन्हा तांबडा. तू पुण्याहून धावत आलीस. सगळ्यांसमोर विचारलंस, आत कुणी काही ओतलं का? मी म्हटलं, हार घातला, दुसरं काय घालणार? अंजलैने माझ्याकडे पाहिलं आणि झाडू उचलून निघून गेली. मीटिंगमध्ये तू उभी राहून म्हणालीस, माझंच गणित चुकलं असेल. आणि मी, जिची जीभ कुणाच्या बापाला ऐकत नाही, ती कॉफी फुंकत बसले. ती कॉफी थंड होती, ऋजू.

टॉवर भंगारात द्यायचं ठरलं, तू पुण्याला परत गेलीस. काल आईचा फोन आला. म्हणाली, ऋजूने ते सगळं सोडलं, आता दहावीच्या शिकवण्या घेणार म्हणते.

म्हणून हे पत्र. तुझं गणित बरोबर होतं; तुझे जीव मी मारले. आज सकाळी गुरुमूर्तींना हे सांगितलं. ते म्हणाले, भंगारवाल्याला पोंगलनंतर यायला सांगा. दुपारी अंजलैने आणि मी टॉवर साध्या पाण्याने धुतला, ब्लीचिंगचा वास जाईपर्यंत. पाण्याचा पाइप ती माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवायची. नवी सोडणं भरली. कढीपत्ता साध्या मातीत लावला आणि कुंडीतलं तुझं सगळं मिश्रण खरवडून टॉवरमध्ये घातलं. मळीचं पाणीही चालू केलंय. त्यात कुणी जिवंत आहे का, ते मला नाही कळायचं. तू येऊन बघ. बादली टॉवरपाशी ठेवली आहे. धुतलेली नाही.

तुझीच,
ताई