भाऊजींचं पदक

प्रिय शांताताई,

तू गेल्यावर वर्षभर तुझं नाव कागदावर लिहायची हिंमत झाली नाही. आज लिहिते, कारण रविवारी जुन्या बाजारात मला भाऊजींचं पदक दिसलं. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत मिळालं म्हणून त्यांनी भिंतीला टांगलेलं, तेच!

एक नाही, सात! खिळ्यांच्या डब्यात पडलेली. तोच मुकुटवाला राजा, तीच राणी. विकणारा माणूस हसला. "लढाईचं कुठलं वं बाई! गोरा राजा गादीवर बसला तवा शाळेतल्या पोरायले वाटले होते. मलेही भेटलं, पेढ्यासंगं." त्यानं कोरलेलं साल दाखवलं. लढाई सुरू व्हायच्या दोन वर्षं आधीचं!

तुला हे ठाऊक होतं का वं, ताई?

आपण सगळे त्या पदकाला भ्यालो. पट्ट्याच्या बकलानं त्यांनी तुझी भुवई फोडली, दोन दात पाडले. तू उमरेडहून तिसऱ्यांदा तोंडाला पदर लावून आलीस, तर बाबा हातमागावरून उठलेही नाहीत. "फौजी माणूस हाय, त्याले राग येतेच," म्हणाले. तू माझ्याकडे पाहिलंस. मी काय केलं? नागपूरच्या स्टँडवर नेऊन तुला परत उमरेडच्या एसटीत बसवलं.

बारा दिवसांनी निरोप आला, पाय घसरून विहिरीत पडली. पाय घसरलेल्या बाईच्या गळ्यावर पट्ट्याचा वळ कसा उमटतो? तुला शेवटची आंघोळ घालताना तो मी पाहिला. आणि गप्प बसले!

सातही पदकं विकत घेऊन मी बाबांच्या पुढ्यात ओतली, साल वाचून दाखवलं. ते मागावरून उठले. मग काठी उचलली. "चाल."

उमरेडला भाऊजी ओसरीवर दाढी करत होते. "हे काय हाय गा?" जन्मभर 'जावईबापू' म्हणणाऱ्या बाबांनी विचारलं. भाऊजींनी पदकं पाहिली आणि माझे केस धरून मला भिंतीवर आपटलं. "तुले काहून पाहिजे चौकशी?" कपाळ फुटून माझ्या डोळ्यात रक्त उतरलं. तेवढ्यात कडकन आवाज झाला. बाबांनी काठीनं त्यांचं मनगट मोडलं होतं. ते खाली पडले तरी बाबा मारतच राहिले. मी अडवलं नाही. तुझी सुमी आतून "आजोबा!" म्हणून किंचाळली, तेव्हा कुठे हात थांबला.

भाऊजी जगले. आम्ही दोघांनी ठाण्यात सगळं सांगितलं, त्यांचं आणि आमचंही. तुझ्या गळ्यावरचा वळसुद्धा.

बाबा हल्ली जेवता जेवता विचारतात, "शांतानं मले सांगतलं काहून नाही?" सांगितलं होतंस की! तीन वेळा!

सुमी माझ्याजवळ आहे. तुला शब्द देते, ताई. उद्या ती कुणाचाही मार खाऊन माझ्या दारात आली, तर मी तो माणूस कोण, हे विचारणार नाही. आधी तिला घरात घेईन.

तुझी धाकटी,
विमल