मशीनचं मराठी

३ मार्च, मंगळवार

आज माझ्या जागेवर टॅब होता. डॉक्टर आणि पेशंटच्या मधली ती दुभाषीची जागा इतकी वर्षं माझी. ट्रायल आहे म्हणे. कुठल्याशा कंपनीचं भाषांतराचं ॲप, शंभरावर भाषा, त्यात मराठी. मी कोपऱ्यात बसायचं, मशीन अडलं तरच तोंड उघडायचं.

पेशंट सुमनकाकू. मूळच्या नागपूरच्या, काका इथे परदेशात डॉक्टर म्हणून आले तेव्हा त्यांच्याबरोबर आल्या. बाहेरचं सगळं इंग्रजी काकाच बोलायचे. ते गेले आणि काकूंकडे दुकानातलं इंग्रजी उरलं. बटाटे मागता येतात. आतड्याचा कॅन्सर सांगता येत नाही. मुलगा अनिश इथेच जन्मला, त्याचं मराठी स्वयंपाकघरापुरतं. म्हणून मी.

डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला. टॅब खणखणीत बाईच्या आवाजात म्हणाला, "तुमच्या आतड्यांच्या हालचाली कशा आहेत?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणतेय ही?"

"संडासला साफ होते का, विचारतेय."

"मग तसं विचार म्हणावं तिला."

मी ते इंग्रजीत सांगितलं, डॉक्टरही हसले. मला आनंद झाला. जरा जास्तच झाला.

४ मार्च

रात्रभर आतड्यांच्या हालचाली डोक्यात. माझी भीती हसण्यात दडवतेय का मी?

१० मार्च

नवऱ्याचं, विनयचं घड्याळ त्याला सांगतं — श्वास घ्या. तो घेतो! चांगला शिकला-सवरलेला माणूस, विमा कंपनीत सॉफ्टवेअरवाल्या लोकांची टीम सांभाळतो, आणि मनगटावरून हुकूम आला की डोळे मिटून छाती फुगवतो.

वॉशिंग मशीनला आपला ईमेल हवा. दारावरची बेल पार्सलवाल्याचा चेहरा साठवते आणि तो चेहरा परत बघायचा तर महिन्याचं सब्स्क्रिप्शन. कोणी मागितलं होतं हे? आधी फुकट देतात, मग सवय लावतात, मग पैसे मागतात, आणि तोवर ते काम करणारा माणूस घरी बसलेला असतो. परत बोलवायचा म्हटलं तरी सापडत नाही.

हे जेवताना विनयला म्हटलं. तो म्हणाला, "अगं, तो टॅब दर महिन्याला सुधारणार. तू काय सुधारणार?"

गंमत केली म्हणे. पोळी तव्यावर करपली, तशीच वाढली त्याला.

१७ मार्च

मला काम देणाऱ्या एजन्सीचा मेल. पुढच्या महिन्याची माझी जवळजवळ सगळी बुकिंग्ज रद्द. हिंदीची, मराठीची, सगळी. "उत्साहवर्धक निकाल" असे शब्द आहेत त्यात. काकूंची पुढची अपॉइंटमेंटही टॅबवर.

दिवसभर घरात फिरत राहिले. कपाट आवरलं. परत विस्कटलं.

२२ मार्च, रविवार

इथल्या मराठी मंडळाचा पाडवा. शाळेच्या हॉलमध्ये नेहमीची गर्दी, श्रीखंड, मुलांचे नाच. सुमनकाकू भेटल्या. चेहरा मेणासारखा, पण नऊवारी नेसून आल्या होत्या. मी त्यांच्याशेजारी बसले आणि सहानुभूतीची तयारी ठेवून विचारलं, "कसं चाललंय त्या टॅबबरोबर? त्रास होतो ना?"

"नाही गं. मला बरं वाटतं ते."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"बोलतं वेडंवाकडं," काकू म्हणाल्या, "पण ते पाडव्याला येत नाही ना. तू समोर असलीस की मला नीट बसावं लागतं. डॉक्टरसाहेबांची बायको व्हावं लागतं. त्याच्यासमोर मी रडले परवा. नर्स होती, पण तिला काय कळतंय."

"काकू, मी कधी कुणाला एक शब्द तरी —"

"तू नाही सांगणार, माहीत आहे मला. पण तुला माहीत असणार ना."

त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. सुयांनी काळानिळा झालेला हात. मग कोणीतरी त्यांना फोटोसाठी बोलावलं.

२३ मार्च

मी त्या यंत्राला नावं ठेवते ते त्याला माणूस कळत नाही म्हणून. आणि काकूंना ते त्याच कारणासाठी आवडतं. चिडचिड होते फक्त.

३१ मार्च

अनिशचा फोन. ऑफिसमधून केला होता, दबक्या आवाजात. "मावशी, तू उद्या येशील घरी? प्लीज. आईचा काहीतरी झाला."

हळूहळू कळलं ते असं. ते ॲप प्रत्येक भेटीनंतर एक सारांश पाठवतं, नोंदवलेल्या मोबाइलवर. काकू मोबाइल बघत नाहीत, म्हणून नोंदवलेला नंबर अनिशचा. त्याने मला वाचून दाखवलं: पेशंटला यापुढे केमो नको आहे. हे आपल्या मुलाला कळू नये अशी पेशंटची इच्छा आहे.

मुलाला कळू नये, हे मुलालाच पाठवलं.

माणूस असता तर पाठवताना त्याचा हात थांबला असता. कोणत्याही माणसाचा! कंपनीच्या साइटवर तक्रारीसाठी फोन नंबर शोधला. नाहीच. एक चौकट आहे, तीत लिहिलं की दुसरं यंत्र उत्तर देतं — आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.

१ एप्रिल

पेशंटच्या घरी जायचं नाही, असा नियम आहे आमचा. गेले.

काकू सोफ्यावर शाल घेऊन. अनिश दाढी न केलेला, चाळिशीचा माणूस, पण शाळेत मार खाऊन आलेल्या पोरासारखा दिसत होता. आमच्यासाठी चहा करायला आत गेला. तो गेल्याबरोबर काकू पुढे झुकल्या.

"अर्चना, सांग ना त्याला. मशीन चुकलं म्हणून सांग."

"काकू, पण तुम्ही खरंच तसं म्हणालात?"

"म्हणाले. अंगात ते औषध जायला लागलं की वाटतं, आपण आपले राहिलोच नाही. डॉक्टर म्हणतात महिना-दोन महिने जास्त मिळतील. असे महिने मला नकोत. पण त्याला कोण आहे माझ्याशिवाय? दोन दिवस जेवला नाहीये तो. तुझं ऐकेल."

चहा आला. अनिशने मोबाइल माझ्यापुढे धरला. बोलणं अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी. "मावशी, हा बरोबर आहे का? तू बोलली होतीस ना, ते मशीन चुकीचा बोलते?"

हो, बोलले होते. मंडळात मीच ती आतड्यांची गोष्ट रंगवून सांगितली होती, काकूंचं नाव न घेता.

काकू चहाच्या कपात बघत होत्या.

आणि मी सांगितलं. किती सफाईने सांगितलं! मराठीत "नको वाटतं" म्हणजे नकार नसतो, नुसता कंटाळा असतो; आपण जेवणालाही म्हणतो, अभ्यासालाही म्हणतो; मशीनला हा फरक कळत नाही. आणि "मुलाला कळू नये" म्हणजे मुलाला काळजी वाटू नये, इतकंच.

अनिशने डोळे पुसले. "थँक गॉड," म्हणाला. काकूंच्या खांद्यावर डोकं टेकवलं. काकू त्याच्या केसांतून हात फिरवत माझ्याकडे बघत होत्या. आभार होते त्या बघण्यात. मला तिथे बसवेना.

२ एप्रिल

इतकी वर्षं दुसऱ्याचे शब्द पोचवले. पहिल्यांदा स्वतःचे घुसडले.

७ एप्रिल

काकूंनी आज केमो घेतला. अनिशचा मेसेज — हात जोडलेले, हृदय, मराठीत थँक्यू.

नकार तर त्यांनी दिला होता. नीट, स्पष्ट, आपल्या भाषेत. एका मूर्ख यंत्राने तो जसाच्या तसा पोचवला होता, फक्त भलत्या माणसाकडे. मी तो पुसला. आज त्या सुईखाली माझ्यामुळे बसल्या.

विनय विचारतो, काय झालं? काही नाही म्हणते. त्याचं घड्याळ वाजलं. त्याने ते काढून ड्रॉवरमध्ये टाकलं आणि माझ्याजवळ बसून राहिला. सांगू शकले नाही तरीही.

१४ एप्रिल

अनिशने हॉस्पिटलकडे लेखी तक्रार केली. सारांश त्याच्या नंबरवर आला हे तर होतंच, वर मराठीही चुकीचं, "एका अनुभवी दुभाषीने याला दुजोरा दिला आहे." ती मी.

ट्रायल थांबवली. एजन्सीचा मेल आला, बुकिंग्ज परत. तळाशी एक हसरा चेहराही.

मला हेच हवं होतं ना? मार्चभर हेच मागत होते. पार्कमध्ये चालायला गेले, पाऊस लागला, तशीच चालत राहिले. ते सारांश पाठवणं घातकच होतं, ते बंद पडलं हे बरंच झालं, हे खरं आहे. पण बंद पडलं ते अर्धं माझ्या खोटेपणावर. आणि काकूंना ज्याच्यासमोर रडता यावं असं आता काही उरलं नाही. त्यांच्या आणि डॉक्टरांच्या मधे पुन्हा मीच. पाडव्याला येणारी.

१८ एप्रिल

विनयला सगळं सांगितलं. नावं गाळून. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि एवढंच म्हणाला, "तिला अजून एकदा बोलायची संधी मिळेल का?"

मंगळवारी.

२१ एप्रिल, मंगळवार

टॅब नाही, स्टँड नाही. माझी खुर्ची. या वेळी अनिशही आत आला, आईचा हात धरून.

आत जाण्याआधी कॉरिडॉरमध्ये काकूंना गाठलं होतं. म्हटलं, "काकू, आज तुम्ही जे म्हणाल ते शब्दाला शब्द सांगणार. तेवढंच. दुसरं काही मागू नका माझ्याकडे." त्यांनी शाल सावरली. फार हळू चालत होत्या.

डॉक्टरांनी पुढच्या केमोची तारीख सुचवली. मी सांगितली. काकू माझ्याकडे न बघता, अनिशकडे बघून म्हणाल्या, "बाळा, बस झालं आता. मला घरी ने. मला तुझ्या हातची खिचडी खायची आहे, जमेल तेवढी. परत इथे आणू नकोस."

मी तोंड उघडलं, तेवढ्यात अनिश डॉक्टरांकडे वळला. इंग्रजीत, सावकाश, एकही शब्द न गाळता त्याने ते सांगितलं. खिचडीसकट.



२२ एप्रिल

अनिशचा फोन. मी म्हटलं, "अनिश, त्या दिवशी मी तुझ्याशी खोटं —"

"मावशी, थांब. मशीन बरोबर होता. मला कळला होता तेव्हाच. मला फक्त कोणीतरी पाहिजे होता, चूक आहे म्हणणारा."