सारस आता बटणावर उठतो

रविवार, ८ ऑगस्ट १९९९

सकाळी नऊ. केबलवर ‘फौलादी सारस’ पुन्हा सुरू झालं. पुन्हा म्हणजे जुने भाग नव्हेत, जपान्यांनी सगळं नव्यानं काढलंय. शालूला साडेआठलाच अंघोळीतून हाकलून बाहेर काढलं. म्हणते, "ताई, कार्टून आहे, सत्यनारायण नाही."

पहिला धक्का: सारस लाल आहे. बारा वर्षांपूर्वी मस्जिद बंदरला शेजारच्यांच्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर बघायचो. माझ्या डोक्यात तो कायम राखाडी. आता लाल केला की पहिल्यापासूनच लाल होता? कुणाला विचारणार.

दुसरा धक्का अक्षम्य. जुन्यात दीपगृहवाल्याची पोरगी चियो कड्यावर उभी राहून ओरडायची, "सारस, जाग!" आणि तो लोखंडी पक्षी फक्त तिच्याच आवाजाला उठायचा. वादळ असो, ताप असो, ती रडत असो. नव्या चियोच्या मनगटाला पट्टा आहे. पट्ट्याला बटण. दाबलं की सारस उठतो. ओरडते, पण नंतर, शोभेला.

शालू: "बरंय की. घसा तरी बसत नाही."

तिला पंधरा मिनिटं सुनावलं. गरिबाच्या मालकीचं दुसरं काय असतं, आवाजच असतो, तोही काढून घेऊन हातात बटण देणार का, वगैरे. मी भाषणं करायला लागले ती त्या एका हाकेमुळं, हेही आज पहिल्यांदा बोलून टाकलं. शेवटी शेवटी आवाज फाटला. दोन महिने असाच बसलाय. शालू हसली. आई कणकेच्या हातानं बाहेर आली. ती हसली नाही.

सोमवार, ९ ऑगस्ट

क्रांतिदिन. कॉलेजच्या हॉलमध्ये माझं भाषण. तासावर शिकवणाऱ्या बाईला मुख्य वक्ता करतात, कारण फुकट आणि दणदणीत.

वाक्याच्या मध्यात आवाज गेला. बसला नाही. गेला. ओठ हलतायत, हात वर आहे, आणि काहीच नाही. मागच्या पोरांना वाटलं माइक बिघडला. एकजण धावत आला, माइकवर टिचक्या मारल्या. टिचक्या छान ऐकू आल्या.

मग थोडा घोगरा परत आला. "जय हिंद" तेवढं म्हटलं. टाळ्या पडल्या. भीती वाटली. स्टेजवर मला कधी भीती वाटलेली नाही, त्यामुळं ओळखायला वेळ लागला.

बुधवार, ११ ऑगस्ट

वाशीला घशाचे डॉक्टर. जीभ कापडात धरून बाहेर ओढली, आरसा आत. "ईऽ म्हणा." जीभ दुसऱ्याच्या हातात असताना ई म्हणणं सोपं नाही.

"उजव्या स्वरतंतूवर वाढ आहे. काढू. तुकडा तपासणीला पाठवू."

"कशाच्या?"

"पाठवतोच आम्ही. घरात कुणाला घशाचं काही?"

वडिलांना, म्हटलं. त्यांनी कागदावर लिहिलं. लिहिताना वर बघितलं नाही.

आवाज तोच येईल ना, विचारलं. "आवाज येईल," म्हणाले. मी ‘तोच’ विचारलं होतं.

रविवार, १५ ऑगस्ट

वसाहतीत झेंडावंदन. मंडळाचे सेक्रेटरी पवार: "मंगलताई, दोन शब्द!" मानेनं नाही म्हटलं. "ताई आणि दोन शब्द नाहीत? सूर्य कुठं उगवला आज?" सगळे हसले. मीही.

भाग दुसरा निम्माच बघितला. चित्रं गुळगुळीत. चियोचे डोळे बशीएवढे. कुणाच्याही चेहऱ्यावर वारा लागल्याची खूण नाही. सोबतीला एक खार दिलीय, ती दर दोन मिनिटांनी पडते. शालू प्रत्येक वेळी हसते. मला रागही धड येत नव्हता. डोक्यात आण्णा, आमचे वडील.

आण्णा कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. पाठीवर दोन गोणी, आणि गाळ्यातून निघताना हाक, "बाजूऽ!" ट्रकवाले थांबायचे. तोंडात सदा तंबाखू. मग गालात चट्टा. मग घसा. मग गळ्याला भोक. त्यावर बोट ठेवून ते बोलायचे, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं. सात महिने, मग गेले. मी बारावीत होते. ते बोलायला लागले की मी अभ्यासाचं निमित्त काढून जिन्यात जाऊन बसायची.

हे कधी कुणाला सांगितलेलं नाही. सगळ्या विषयांवर बोलले मी.

मंगळवार, १७ ऑगस्ट

आईला सांगितलं. ती भांडी घासत होती. घासतच राहिली. मग म्हणाली, "कुनाला बोललीस?"

"कुणाला नाही."

"बोलू नगंस. आण्णाचं समद्या वसाहतीला ठावं हाय. पोरीचंबी तसलंच म्हन्तील. तुजं तर जाऊंदे, शालूलाबी कुनी दारात हुबं करनार न्हाई."

एरवी यावर माझं तासाभराचं भाषण झालं असतं. आज घसा राखून ठेवला.

शनिवार, २१ ऑगस्ट

काल ऑपरेशन झालं. संध्याकाळी घरी.

दहा दिवस एक शब्द नाही. कुजबुजही नाही, ती उलट वाईट. खोकलासुद्धा दाबायचा. डॉ. म्हणाले, "घाई केलीत तर तंतू वेडेवाकडे भरतील. मग तो आवाज जन्माचा." सोमवारी ३० तारखेला दाखवायचं, मग पहिला शब्द.

शालूनं तिची जुनी पाटी शोधून दिली. पहिलं वाक्य लिहिलं, ‘चहा’. ती म्हणाली, "बाई, काय ओजस्वी!"

रविवार, २२ ऑगस्ट

भाग तिसरा. धुक्याचा.

लहानपणी हाच भाग बघून तीन दिवस जेवले नव्हते. बेटावर धुकं येतं आणि आवाज खातं. आधी कुत्र्याचा. कुत्रं तोंड उघडतं, भुंकतं, ऐकू काही नाही. तेव्हा शेजारच्या काकांनी टीव्ही बिघडला म्हणून त्याला दोन थपडा मारल्या होत्या. मग घंटा, मग बायका, मग चियोचा बाप.

नव्यात धुक्याला चेहरा दिलाय. दात आहेत, ते हसतं. दात असलेल्याची कसली भीती? जुनं धुकं नुसतं यायचं. काही मागायचं नाही, रागवायचं नाही. मला पाटीवर हे सगळं शालूला लिहून सांगायचं होतं, पण हात थांबला, कारण पडद्यावर चियोचा आवाज गेला आणि तिनं शांतपणे बटण दाबलं. सारस उठला.

मला बरं वाटलं. खरं लिहायचं तर फार बरं वाटलं. मुक्या पोरीलाही उठवता येतं.

पंधरा दिवसांपूर्वी याच बटणाला मी अक्षम्य म्हटलं होतं. माझी मतं एवढ्यानं हलतात? एका तुकड्यानं?

मंगळवार, २४ ऑगस्ट

नवीनच प्रकार. सकाळी खालच्या मजल्यावरच्या दोघी आल्या, हळदीकुंकू लावलं, हातात नारळ. मी आईकडे बघतेय, आई छताकडे.

शालूकडून कळलं. ताई गप्प का, म्हणून लोक विचारत होते. आईनं सांगितलं, श्रावणाचं मौन धरलंय, सोमवारी ३० ला सोडणार.

मी. व्रतवैकल्यांवर नेरुळ ते बेलापूर व्याख्यानं दिलेली मी. मागच्या वर्षी याच वसाहतीच्या हॉलमध्ये "उपास मोजू नका, पुस्तकं मोजा" म्हणून ओरडलेली मी.

पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘हे खोटं आहे. आत्ता जाऊन सांग.’ आईनं पाटी घेतली, पदरानं पुसली, परत हातात दिली.

गुरुवार, २६ ऑगस्ट

वसाहतीच्या गेटवरच्या फळ्यावर, पवारांच्या वळणदार अक्षरात: ‘मंगलताईंचे मौन सोमवारी संध्या. ७ वा. हॉलमध्ये सुटेल. भगिनींनी बहुसंख्येने यावे.’

पवार भेटले. "ताई, तुमच्या टीकेनं आमची मंडळी दुखावली होती. पण तुम्ही स्वतः उतरलात. मानलं." हात जोडले. मी पाटी शोधत होते, ती घरी.

इतकी वर्षं घसा फोडून जे पटवता आलं नाही, त्याच्या उलटं मी सहा दिवस गप्प राहून पटवलं.

शुक्रवार, २७ ऑगस्ट

रिपोर्ट आज मिळणार होता. शालू आणायला गेली, रिकाम्या हातानं आली. तुकडा आणखी एका डॉक्टरांना दाखवायचा आहे म्हणे. बुधवारी या.

पाटीवर विचारलं, का दाखवायचा आहे? शालू: "विचारलं मी. म्हणाले, खात्रीसाठी."

कशाची खात्री.

आरशासमोर गळ्यावर बोट ठेवून बघितलं. लगेच काढलं.

शनिवार, २८ ऑगस्ट

समोरच्या दारातल्या कदम काकू दुपारी आल्या. बोलल्या नाहीत. माझ्याकडे बोट, स्वतःच्या ओठांवर बोट, हसल्या. त्यांनीही धरलंय मौन! सोबत सून होती, ती सांगायला लागली, "ताईंचं बघून चार दिस झालं धरलंय आत्यांनी. तोंडात जखम हाय त्यांच्या, चार म्हैनं झालं. तिखट तोंडाला लावत न्हाईत. डॉक्टरकडं चला म्हटलं तर म्हन्त्यात, मंगलची आई म्हन्ली, मौनानं तोंडाचं, घशाचं समदं जातं."

काकूंनी गाल ओढून दाखवला. पांढरा चट्टा, मध्ये लाल. काकू दिवसातून चार वेळा तंबाखूची मिश्री लावतात, जन्मभर.

आण्णांचा चट्टा अगदी असा होता. पहिल्यांदा त्यांनी मलाच दाखवला होता.

उद्या दुपारच्या एसटीनं काकू गावी चालल्यात. श्रावण संपेपर्यंत तिथंच मौन पाळणार, देवळात. सून इथंच.

त्या गेल्यावर आईला लिहून विचारलं, ‘तू असं बोललीस?’

"लोक खोदून इचारत हुते, गं. काय तरी सांगाय पायजे हुतं." आणि रडायला लागली. "त्यांना जाऊन सांगू कसं आता? म्हंजी तुजं बी सांगावं लागंल."

रविवार, २९ ऑगस्ट

सकाळी नऊ. भाग चौथा लागलाय. कुणी बघत नाही, टीव्ही बंद करायचंही कुणाला सुचत नाही.

काकूंना वाचता येत नाही. पाटीचा उपयोग नाही.

शालूला पाठवलं. तिनं काकूंना सगळं सांगितलं. परत आली ती तोंड पाडून. काकू हसल्या म्हणे. तिच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि आमच्या दाराकडे बोट केलं. सूनच म्हणाली, "आत्या म्हन्त्यात, ताईंनी सांगितलं तरच." साहजिक आहे. मौन पाळणारीची बहीण टिंगल करते, असंच वाटलं असणार.

आईला हात जोडले. आई म्हणाली, "उद्या तुजा शब्द सुटंल, मग गावाला जाऊन सांगूया. एका दिसानं काय हुतंय?" उद्यापर्यंत काकू साताऱ्यापलीकडे, आणि गावात आमचं कोण ऐकणार. एका दिवसानं काय होतं, हे आण्णाही म्हणाले होते. चार वेळा.

डॉक्टरांना फोन लावायचा म्हटलं तर तो शालूनंच लावायचा. रविवार, नुसती घंटा वाजली.

साडेदहा. काय बोलायचं ते ठरवलं. तीन वाक्यं. ‘काकू, माझं मौन नाही. माझ्या घशात वाढ होती, ती कापून काढलीय. तुम्ही आज गावी जायचं नाही, उद्या माझ्याबरोबर डॉक्टरकडे यायचं.’ याहून लहान भाषण मी कधी केलेलं नाही. आणि कधी इतकी घाबरले नाही. पाणी प्याले. पुन्हा प्याले.

कसला आवाज येईल? आण्णांसारखा आला तर काकू घाबरतील. घाबरल्या तर थांबतील कदाचित. नाहीच आला तर? आणि आज भरलं वेडंवाकडं, तर उद्या हॉलमध्ये, पुढं वर्गात, कुठंच... आणि बुधवारचा कागद अजून बाकी.

नको. हे पुढचं लिहायचं नाही.

आई दाराला पाठ लावून बसलीय. "मंगे, अकरा म्हैनं मी तुला पोटात—" म्हणाली, आणि स्वतःच चुकलं म्हणून थांबली. नऊ की अकरा, आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मग ती सरकली. पूर्ण नाही, एक माणूस जाईल एवढी.

समोर कुलूप लागल्याचा आवाज आला. सुनेचा आवाज, "पिशवी मी घेते, आत्या."

जाते.